बावीस बायका, तीन वाक्यं

आमच्या घरी म्हणतात, हिला संशय घेण्याचा पगार मिळतो. म्हणू देत. खोटं थोडंच आहे! जळगावच्या एका महाविद्यालयात मी समाजशास्त्र शिकवते, आणि माझा अभ्यासाचा विषय काय, तर गावात एखादं नवं यंत्र, नवं औषध, नवा फोन आला की माणसांचं काय होतं. ठिबक आलं तेव्हा मी केळीच्या बागांतून फिरले. घरी बसून फोनवरून मोटार चालू करायची सोय आली तेव्हा त्या मोटारींच्या मागे फिरले. आता फवारणीचे ड्रोन आलेत, तर मान वर करून फिरते. दरवेळी कोणीतरी इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि सांगतो की यानं सगळ्यांचं भलं होणार आहे. मी विचारते, सगळ्यांचं म्हणजे कोणाकोणाचं? एवढंच माझं काम. त्यासाठी डोकं थोडं वाकडं लागतं, ते माझं लहानपणापासूनच होतं.

घरात त्याचा त्रास होतो, मान्य आहे. यजमानांनी दाराला कॅमेऱ्याची बेल बसवली, मी त्याच दिवशी तिच्या डोळ्यावर चिकटपट्टी लावली. खासगी काही बोलायचं असलं की दोघांचे फोन तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवते. मेहरूण तलावावर सकाळी चालायला येणाऱ्या मैत्रिणींनी मनगटावर पावलं मोजणारी घड्याळं बांधली, तेव्हा मी त्यांना विचारलं, "अगं, तुम्ही कुठं कुठं थांबता हे त्याला कशाला हवंय?" तेव्हापासून त्या मला बघून तलावाला उलटी फेरी मारतात. हे सगळं आधी सांगून ठेवते, कारण पुढं माझी फजिती आहे. फजिती हाही हलकाच शब्द झाला. एका मुलीचं शिक्षण माझ्या एका सहीवर अडलं होतं आणि ती सही मी केली नाही.

ती मुलगी माझ्याकडे पीएचडीला होती. धुळ्याची. बारीक अंगाची, हळू बोलणारी, खांद्याला कायम एक निळी कापडी पिशवी. पहिल्या भेटीत मी विचारलं, "शेतीतलं काही कळतं का?" ती म्हणाली, "कळतं मॅडम, थोडं." मी पुढं काही विचारलं नाही. वडील नव्हते. आईनं सगळ्या नातेवाइकांना बजावून ठेवलं होतं की पोरीची नोंदणी चालू आहे तोवर लग्नाचा विषय या घरात काढायचा नाही. आता नोंदणी टिकायची तर दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो आणि त्यावर मार्गदर्शकाची, म्हणजे माझी, सही लागते. सही नाही तर नोंदणी रद्द. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

विषय मीच दिला होता. कपाशीत तणनाशक आलं आणि निंदणी गेली. पूर्वी बायकांची टोळी पात धरायची, म्हणजे एकेकीनं एकेक ओळ घ्यायची आणि दिवसभर वाकून गवत काढत जायचं. आता एक माणूस पाठीला पंप अडकवून जातो आणि चार दिवसांत गवत पिवळं पडतं. मग त्या बायकांचं काय झालं? हा प्रश्न. धरणगावच्या बाजूचं एक गाव निवडलं, तिथं बावीस बायकांची एक जुनी टोळी होती. प्रत्येकीला तिच्या घरी जाऊन एकटीला गाठायचं, हे मी मुलीला दहादा बजावलं. घोळक्यात बाई मोकळी बोलत नाही, एकटी असली की बोलते, असं माझं ठाम मत होतं.

"आणि मी काही शहरात वाढलेली नाही," हेही मी तिला प्रत्येक भेटीत ऐकवायची. "असोद्याच्या शेतकऱ्याची लेक आहे मी. शेतातल्या बायका मला पाठ आहेत." एका परीनं खरंच होतं ते. शाळेच्या सुट्टीत आमच्या शेतात निंदणीच्या बायका आल्या की त्यांना चहाची किटली पोचवायचं काम माझं. आई बांधावर छत्री घेऊन उभी असायची. मी जवळ गेले की बायका गप्प व्हायच्या, पदर सारखा करायच्या, कप घ्यायच्या. आईनं विचारलं, "कसं काय चाललंय?" की सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "बरं चाललंय, अक्का." मला वाटायचं, किती अबोल बायका आहेत या! रिकामी किटली घेऊन मी बांध ओलांडला की मागून हसण्याचा आवाज यायचा. चहा आवडला असेल, असं मी धरून चालायची.

मुलगी चार-पाच महिने त्या गावाला जात राहिली. उन्हाळा लागायच्या सुमारास तिनं अहवाल पाठवला. बावीस मुलाखती, सुबक टाईप केलेल्या. मी चहाचा कप घेऊन बसले. पहिल्या बाईचं म्हणणं होतं: "औषध आलं ते बरंच झालं. कंबरेचं दुखणं गेलं. आमची कोणावर तक्रार नाही." ठीक. दुसरी बाई म्हणत होती, औषध आलं ते बरंच झालं, कंबरेचं दुखणं गेलं, आमची कोणावर तक्रार नाही. तिसरी तेच. चौथी तेच. सातवीला माझ्या मनात पाल चुकचुकली. बाराव्या मुलाखतीपर्यंत पोचले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढच्या दहा मी वाचल्याच नाहीत.

आता तुम्हीच सांगा, काय वाटेल? ज्या गावात "झालं"ला "व्हयनं" म्हणतात, तिथल्या बायका अशा वर्तमानपत्रासारख्या "झालं" आणि "गेलं" करतील? जिचं कामच गेलं ती बाई "बरंच झालं" म्हणेल? आणि बावीसजणींच्या तोंडी शब्दाला शब्द तेच? एकाही मुलाखतीचं रेकॉर्डिंग नव्हतं. खाली टीप होती की बायका फोन घराबाहेर ठेवायला सांगतात. मी हसले ते वाचून. स्वतःचा फोन डाळीच्या डब्यात ठेवणारी मी, आणि मला ते पटलं नाही! हल्ली मुलं यंत्राला सांगतात की बावीस मुलाखती लिहून दे, आणि ते देतं. माझ्या डोक्यात तेच आलं आणि एकदा आलं म्हणजे ते निघेना.

आमच्याकडे नुकतंच एक सॉफ्टवेअर आलं होतं. त्यात मजकूर टाकला की तो माणसानं लिहिला की यंत्रानं, हे ते सांगतं; यंत्राचं ते लाल करतं. तोवर मी त्याची टिंगल करत होते. त्या संध्याकाळी मात्र गुपचूप अहवाल त्यात टाकला. पान न् पान लाल झालं. नवं यंत्र दिसलं की तुला कोणी पाठवलं आणि कशासाठी, असं विचारण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या लाल रंगाला मी एक प्रश्न विचारला नाही. तो माझ्या बाजूनं बोलत होता ना!

दुसऱ्या दिवशी ती विभागात आली. पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "मॅडम, एक विचारायचं होतं."

"थांब," मी म्हटलं. "आधी मी विचारते. ही भाषा त्या बायकांची आहे?"

"वहीत त्यांच्याच भाषेत लिहिलंय मॅडम. मग होस्टेलवर फोनला बोलून बोलून टाईप केलं. फोनला 'व्हयनं' ऐकू येत नाही. तो आपला 'झालं' लिहितो."

"म्हणजे फोननं केलं."

"टाईप फोननं केलं."

"आणि सगळ्या बायका एकच सांगतात?"

"सगळ्या एकच सांगतात मॅडम. तेच तर मला तुम्हाला..."

"त्या एकच सांगतात, की तू एकच लिहिलंस?"

मी लाल पानं तिच्यापुढं सरकवली. त्यांवरून तिनं एकदा नजर फिरवली आणि पिशवीत हात घातला. "मॅडम, वही दाखवू? प्रत्येकीची तारीख घातलीय."

मी म्हटलं, "वही काय, एका संध्याकाळीसुद्धा भरता येते."

हे वाक्य मी उच्चारलं. आजही भांडी घासताना, बसची वाट बघताना ते मला ऐकू येतं, आणि दरवेळी माझ्याच आवाजात. तिनं पिशवीतून हात बाहेर काढला, रिकामाच. "मग मी काय करू मॅडम?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "खरं सांग." ती म्हणाली, "खरंच सांगतेय." मग उठली. जे विचारायला आली होती ते तिनं विचारलंच नाही, आणि निर्लज्जासारखी मी तेही तिच्या विरुद्धच धरलं. निर्दोष माणूस भांडला असता, रडला असता, असं मी यजमानांना रात्री जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "प्रत्येकाला तुझ्याशी भांडता येतं असं नाही." मी त्यांना भाजी वाढली आणि विषय बदलला.

अहवालावर मी सही केली नाही. शेरा लिहिला: सादर केलेली सामग्री बनावट असल्याचा दाट संशय. समितीनं मला एक शब्द विचारला नाही, माझ्या नावाला तेवढं वजन होतं. नोंदणी रद्द झाली. मुलगी होस्टेल सोडून धुळ्याला गेली. जाताना भेटायला आली नाही. बघा, तोंड दाखवायला जागा नसेल, असं मी विभागात म्हणाले आणि दोघा-तिघांनी मान डोलावली.

पावसाळा गेला, कापूस फुटला. विषय माझा होता आणि मला तो सोडवत नव्हता. मनात म्हटलं, आता मीच जाते आणि खऱ्या मुलाखती घेऊन येते. धरणगावची बस धरली, पुढं रिक्षा. गावात शिरताना माझी छाती फुगलेली होती, कबूल करते. पहिल्या घरी एक चाळिशीची बाई दारात आली. मी कोण, कुठली ते सांगितलं. तिनं माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "फोन भाईर ठेव व माय."

मी फोन ओट्यावर ठेवला. आत बसल्यावर विचारलं, तणनाशक आल्यापासून तुमच्या कामाचं काय झालं? ती खाली बघत म्हणाली, "औषध उनं ते बरंच व्हयनं. कंबरनं दुखनं गयं. आमनी कोनवर तक्रार नही."

दुसऱ्या घरी म्हातारी होती, कानानं कमी. तिलाही ओरडून विचारलं. तिनंही ओरडूनच सांगितलं, औषध उनं ते बरंच व्हयनं. तिसरी चुलीपाशी बसल्या बसल्या तेच बोलली, शब्द इकडचा तिकडं न करता. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? शरम? छे! मला वाटलं, त्या पोरीनं सगळ्यांना पढवून ठेवलंय! आपण तपासायला येणार हे तिनं ओळखलं आणि आधीच येऊन पाठ करून घेतलं! पाचव्या घरी माझं डोकं सटकलं आणि मी आवाज चढवून विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं, ते आधी सांगा." बाई घाबरली. तिनं गल्लीच्या टोकाकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "अक्काकडे जा."

अक्का म्हणजे त्या टोळीच्या मुकादम. साठी उलटलेली, काटक बाई. ओट्यावर बसून कापसातला पाचोळा निवडत होत्या. मी समोर बसले तरी हात थांबला नाही. मी नाव-गाव सांगितलं, तशी त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"तू ती मॅडम का? धुळानी पोरनी?"

"हो."

"मंग तिनी तुले इचारं का?"

"काय विचारायचं होतं तिला?"

त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला आणि सांगितलं. ती पोर महिन्याला एक खेप, अशी चार वेळा आली. तीन वेळा सगळ्यांनी तिला ठरलेलं बोलणं ऐकवलं. चौथ्यांदा ती फक्त अक्कांकडे आली, इथंच, या ओट्यावर बसली आणि म्हणाली, अक्का, तुम्ही खरं सांगत नाही, मला कळतं, मी आईबरोबर पात धरून हिंडलेली आहे. अक्कांनी तिचे तळहात बघितले. मग सांगितलं. सगळं सांगितलं, पण एका बोलीवर की कोणाचं नाव, कोणाचं शेत, गाव कळता कामा नये, नाहीतर कापूस वेचायला कोणी बोलावणार नाही आणि आता तेवढंच तर काम उरलंय. पोर म्हणाली, असं कसं लिहायचं ते मला येत नाही. "ती बोलनी, मी मॅडमले इचारीसन लिखसू. तोपावत लिखाव नही," अक्का म्हणाल्या. "मंग ती उनीच नही. कोठे शे ती?"

एक विचारायचं होतं, मॅडम. तेच विचारायला ती आली होती. मी म्हटलं, "ती धुळ्याला आहे."

मी विचारलं, "पण अक्का, सगळ्यांनी एकच का बोलायचं?"

त्यांना माझी कीव आली असावी. इतका सोपा प्रश्न शिकलेल्या बाईनं विचारावा! "एकीनी एक सांगं, दुसरीनी दुसरं, की मालक एकेकीले धरस," त्या म्हणाल्या. कोणी कागद घेऊन गावात आलं की आदल्या दिवशी काय सांगायचं ते ठरतं, मुकादमीण बोलते ते सगळ्यांनी बोलायचं, वर एक शब्द नाही. शेताचा मालक बांधावर उभा राहून विचारतो तेव्हाही तसंच. माणूस कोणी पाठवलाय ते काय माहीत? "मालक बांधवरथीन गया म्हंजे मंग आम्ही बोलतस."

"मला सांगा ना मग," मी म्हटलं. "तिला जे सांगितलं ते. मीही शेतकऱ्याचीच लेक आहे, असोद्याची."

"शेत तुमनं सोतानं?"

"हो, आमचं आहे."

"मंग तू बांधवरनी," अक्का म्हणाल्या. रागानं अजिबात नाही, गावाचं नाव सांगावं तसं म्हणाल्या. "तिले सांगं ते तिले सांगं." आणि सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. चहा चांगला होता. कप हातात घेतला तेव्हा मला आमची किटली आठवली.

घरी आल्यावर मी तो अहवाल पुन्हा उघडला आणि न वाचलेल्या दहा मुलाखतींपासून पुढं वाचत गेले. शेवटच्या पानावर, बाविसाव्या बाईनंतर, तिनं लिहून ठेवलं होतं: "ही वाक्यं ठरवून दिलेली असावीत. शेतमालकाला उत्तर द्यावं तसं बायका मला उत्तर देत आहेत. हे आपण निष्कर्ष म्हणून घेऊ नये. मॅडमशी बोलून पुन्हा जाणे." अक्कांनी सांगितलेलं त्यात एक अक्षर नव्हतं, दिलेला शब्द तिनं पाळला होता. म्हणजे संशय तिलाही आला होता. माझ्या आधी आला होता आणि योग्य जागी आला होता. मी तिच्यावर घेतला, तिनं वाक्यांवर घेतला. त्याच रात्री मी माझा स्वतःचा जुना प्रबंध त्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, जो मी हातानं लिहून टंकलेखकाकडे दिला होता, जेव्हा असलं यंत्र कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. पान न् पान लाल झालं. यजमान मागून बघत होते. त्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं असं मला फार वाटलं.

समितीला पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, माझी चूक झाली. दुसऱ्यात ते झालं, माझ्याकडून चूक झाली. जे पत्र गेलं त्यात होतं, गैरसमजातून. पस्तीस वर्षं लोकांची वाक्यं चाळणीतून काढणाऱ्या बाईला आपण काय करतोय ते कळत नव्हतं असं नाही. पत्र चाललं. समितीनं कळवलं की विशेष बाब म्हणून नोंदणी पुन्हा चालू करता येईल. विद्यार्थिनीची अर्जावर सही हवी आणि सोबत मुलाखतींची मूळ वही. मी अर्ज भरला, फक्त तिच्या सहीची जागा सोडली. आता तिची सही मिळाली की झालं, असं म्हणत मी धुळ्याची बस पकडली. वाटेत पारोळ्याला खाली उतरून पेढे घेतले. पेढे! काय सुचतं माणसाला.

ती एका दुकानात लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं काम करत होती. वरच्या मजल्यावर एक खोली, तिथं आई आणि ती. मी निरोप पाठवला तशी ती दुकानातून वर आली. एकच खुर्ची होती, ती मला दिली. आईनं चहा ठेवला. आईच्या बोटांना कापसाच्या बोंडांनी चिरा पडलेल्या होत्या. हे हात मी आधी एकदा तरी बघायला येऊ शकले असते. मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. वाळली होती जरा. खुंटीला निळी पिशवी होती.

बसमध्ये मी काय काय बोलायचं ठरवलं होतं! तोंड उघडलं आणि म्हटलं, "अगं, गैरसमज झाला होता." मग अक्कांना भेटले ते सांगितलं. ती ऐकत होती. अक्कांचं नाव निघालं तेव्हा तिचे डोळे क्षणभर हलले, तिला काहीतरी विचारायचं होतं, मला दिसलं ते. तिथंच मी थांबायला हवं होतं. पण मी अर्ज काढला. "हे बघ, सगळं भरून आणलंय. इथं फक्त सही कर. आणि ती वही लागेल."

"कशाला?" तिनं विचारलं.

"समितीला हवी. पुरावा म्हणून. तूच म्हणाली होतीस ना, प्रत्येकीची तारीख घातलीय म्हणून?" आणि मग, देव जाणे कुठल्या सवयीनं, मी पुढं म्हणाले, "मी पण एकदा नजरेखालून घालते, म्हणजे काही राहायला नको."

तिनं खुंटीकडे बघितलं नाही. अर्जाकडेही नाही. दोन्ही हात मागं घेतले, खाली बघितलं आणि स्वच्छ, शुद्ध मराठीत म्हणाली, "बरं चाललंय मॅडम. इथं काम चांगलं आहे. माझी कोणावर तक्रार नाही."

मी तिच्या आईकडे वळले. हातच जोडले जवळजवळ. म्हटलं, "तुम्ही तरी समजवा तिला. तिचं शिक्षण आहे हे. ती माझ्यापेक्षा हुशार आहे हो!" हे एवढं एकच मी त्या दिवशी मनापासून बोलले, आणि फार उशिरा.

आईनं गाळणीतून चहा ओतला, कप माझ्यापुढं ठेवला आणि पदर सारखा केला.

"बरं चाली ऱ्हायनं मॅडम," त्या म्हणाल्या. "पोरले काम शे. आमनी कोनवर तक्रार नही."

मी चहा प्यायले. पूर्ण प्यायले. अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला, पेढ्यांचा पुडा खुर्चीवर ठेवला आणि निघाले. दोघी दारापर्यंत आल्या, "या" म्हणाल्या. जिना लोखंडी आणि अरुंद होता, मी कठडा धरून एकेक पायरी उतरले. चपला खाली काढलेल्या होत्या. एक चप्पल पायात घातली आणि तेवढ्यात वर दोघी बोलायला लागल्या, खान्देशीत, भराभर, एकमेकींचं वाक्य तोडत. अक्कांचं नाव मला दोनदा ऐकू आलं. मग आई काहीतरी म्हणाली आणि मुलगी हसली. मी तशीच एका चपलेवर उभी राहून ऐकायचा प्रयत्न केला, पण रस्त्यावर ट्रॅक्टर आला आणि पुढचं काही कळलं नाही. दुसरी चप्पल घातली आणि स्टँडकडे चालायला लागले.